सासूबाईंनी टेबलाचे पाय कापले

आमच्या सासूबाईंना कोणी काहीही बोललं तरी त्या मनाला लावून घेत नाहीत. फक्त "आता आराम करा" म्हणू नये. मागच्या वर्षी त्या न्हाणीघरात घसरल्या, उजवा खांदा निखळला, आणि घरात येणारा जो तो हेच म्हणायला लागला. त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तर तेच पालुपद लावलं.

मागच्या खोलीत त्यांचं रजया शिवायचं, खुर्चीत बसून चालवायचं मशीन आहे. साधं मशीन कापड स्वतः पुढे ओढतं, हे ओढत नाही. सुई जागच्या जागी वरखाली होते आणि अख्खी रजई दोन्ही हातांनी तिच्याखाली फिरवावी लागते. हाताचं आणि पॅडलवरच्या पायाचं जमलं तरच टाके सारखे पडतात. खांदा बरा झाला, पण कोपर उचललं की कळ यायची. टेबल उंच, आणि खुर्ची उंच करावी तर पाय पॅडलला पुरेना. मशीनवर धूळ बसली.

नवऱ्याने परस्पर ठरवून टाकलं, मशीन विकायचं. पलीकडच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाई रविवारी बघायला येणार होत्या.

"आईंना विचारलंस?" मी म्हटलं.

"तिच्या भल्यासाठीच करतोय."

एवढं म्हटलं की विचारायचं कारण उरत नाही, असा त्याचा समज आहे. मला संताप आला. सासूबाईंच्या कानावर ते गेलंच. तो कामावर गेला तसं त्यांनी सुताराला बोलावलं आणि टेबलाचे चारही पाय चार-चार बोटं कापायला सांगितले.

"आजी, कापलेलं परत जोडता येत नाही हं," सुतार म्हणाला.

"जोडायला सांगतंय कोण? काप."

टेबल बसकं झालं, कोपर खाली राहिलं, कळ थांबली. पण वळणावर रजईच्या पाठीमागे धाग्याचे सैल फास पडायला लागले. डावा हात पुढे पळायचा, उजवा मागे रेंगाळायचा. मग त्यांनी मोठी वर्तुळं सोडून दिली आणि उजव्या हाताला झेपतील अशा छोट्या लाटा काढायला घेतल्या. वरच्या धाग्याचा ताण जरा वाढवला, खालच्या धाग्याच्या बॉबिनची डबी असते, तिचा स्क्रू केसभर ढिला केला. डबी धाग्याला लोंबकळत ठेवून हलकाच झटका द्यायच्या. बोटभर उतरून थांबली की ताण जमला, म्हणून मान डोलवायच्या.

रविवारी सकाळी नवरा मशीन पुसायला बसला. आता याचा एक स्वभाव आहे: ढिलं दिसलं की आवळायचं. आमच्या घरातल्या बरण्या त्याच्याशिवाय कोणाला उघडत नाहीत. बॉबिनचा स्क्रू दिसला, आवळला. टेबल बुटकं झालंय हे मात्र त्याला दिसलं नाही.

बाई आल्या, बसल्या, आणि त्यांचे गुडघे टेबलाला आपटले. कसंबसं पॅडल दाबलं तर दोन बोटं शिवण होऊन खालचा धागा तुटला.

"टेबलाला काय झालं?" नवरा वाकून बघायला लागला.

"मी कापलं," सासूबाई म्हणाल्या आणि बाईंकडे वळल्या, "सरका जरा."

त्या बसल्या. डबी काढली, स्क्रू ढिला केला, डबी झुलवून पाहिली, धागा ओवला आणि अर्धवट रजई सुईखाली घेतली. लाटा एकीमागून एक उमटत गेल्या. बाईंनी रजई उलटून पाठीमागचे टाके पाहिले.

"हे विकायला काढलंय कोणी?" त्यांनी नवऱ्याकडे बघत विचारलं.

"पाय जोडून देतो ना," तो बाईंना म्हणाला, मग आईकडे वळला. "कापलेले तुकडे कुठायत?"

"माझ्या खाटेखाली," सासूबाई म्हणाल्या. "खाटेच्या एकेका पायाखाली एकेक लावलाय. खाट उंच झाली, आता माझी मी उठते. तुला हवे तर काढ, पण मग रोज सकाळी मला उठवायला यायचं."

बाई हसत हसत चप्पल घालून गेल्या. नवरा खाटेपर्यंत जाऊन, बघून परत आला. रजईचं जड टोक टेबलावरून घसरून जमिनीकडे ओढलं जात होतं.

"उभाच आहेस तर ते टोक धर," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "ओढू नकोस. नुसतं धर."

त्याने धरलं.