जेवणाच्या पाटावर मी

मुलाने मुंबईच्या वेशीबाहेर, बेव्हर्ली पार्कात फ्लॅट घेतला, ते दोन हजार सालानंतर लगेचच. चाळीतली खोली विकून आम्ही नवरा-बायको त्याच्याकडे आलो. त्याने दारावर पितळी पाटी लावली होती. तिच्यावर त्याचं नाव, सुनेचं नाव. माझं नाही.

"बाबा, तुमचंही घालून नवीन करून आणतो," तो म्हणाला.

"काही नको. माझं मी बघतो."

बोललो म्हणजे बोललो. शाळा माझी चौथीपर्यंत, पण नाव लिहिता येतं. प्रश्न तो नव्हता. माझ्याच नावाचा एक जण खालच्या मजल्यावर होता, त्याचा गॅस सिलिंडर आमच्या दारात यायचा. मग नावात मी कुठे आलो?

माळ्यावर माझा पाट पडला होता. चाळीत मी त्याच्यावरच जेवायला बसायचो, दुसरं कोणी बसलेलं खपायचं नाही. इथे आलं डायनिंग टेबल, पाट गेला वर. ठरवलं, दारावर लागेल तर हाच.

केबिन रोडच्या बाजारात जाऊन ऑइलपेंटचे छोटे डबे घेतले. दुकानदार म्हणाला, "चाचा, क्या रंगाना है? ग्रिल?"

"मेरे को रंगाना है."

तो हसायला लागला. मी नाही हसलो.

आधी आरशात बघून तोंड काढलं. बायको येऊन बघून गेली. "अहो, हा कोण? भाडं मागायला आल्यासारखा दिसतोय."

खरवडून टाकला. नाक-डोळे नकोतच म्हटलं, नुसते रंग लावू. कारखान्यात जन्म गेला, तेव्हा करडा भरपूर घेतला. कोपऱ्यात थोडा लाल, रत्नागिरीकडच्या गावच्या मातीचा. गाव पोरवयात सुटलेलं, मी स्वतःला पक्का मुंबईकर समजायचो. पण करडा लावला की मेलेला दिसायचा. फडक्याने पुसला की खालून लाल वर यायचा. चार बोटं लाल होता, तो अर्धा पाट खाऊन बसला. मी गॅलरीत एकटाच मोठ्याने हसलो. या वयात कळलं, अजून गावचाच आहे मी!

मध्ये एक पिवळा फराटा आपोआप पडला होता. तो कुठून आला, समजेना.

"तो माझा," बायको म्हणाली. "हळदीचे हात तुमच्या नव्या शर्टाला पुसले होते मी. विसरलात?"

"पाट माझा आहे."

"असू दे. पिवळा माझा."

पाट मीच स्क्रूने दारावर बसवला, पितळी पाटीच्या शेजारी. मुलगा कपाळाला हात लावून म्हणाला, "बाबा, लोक विचारतील हे काय आहे."

"सांग, बाप आहे."

तो आत निघून गेला. मला वाटलं, सुट्टीच्या दिवशी गुपचूप काढणार. मी दाराकडे लक्ष ठेवून बसायचो.

सुट्टीच्या दिवशी त्याच्या ऑफिसातले कोणी जेवायला यायचे होते. जिन्यात चुकले, फोन आला. मुलगा मोबाइलवर सांगत होता, "नाव नका शोधू. दारावर लाल रंगाचा पाट दिसेल, ते माझे बाबा. तिथेच बेल वाजवा."

मी पेपर खाली ठेवला, बाहेर जाऊन पाटाकडे बघितलं. लाल अजून कमीच वाटला. पाहुणे येईपर्यंत वेळ होता. डबा काढला.