स्विस घड्याळ, मुक्काम कोल्हापूर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. पंचाण्णव साली साहेबांच्या निरोप समारंभासाठी मी एका घड्याळजीकडून खिशातलं घड्याळ घेतलं. त्यानं ते तीन वर्षं खपून हातानं घडवलं होतं. तबकडीवरचं 'कोल्हापूर' खोडून मी 'स्वित्झर्लंड' लिहायला लावलं. गावच्या वस्तूला साहेब नाक मुरडत.

डोळ्यावरचं भिंग न काढता तो म्हणाला, "लिवतो की पावणं. पर बंद पडलं तर तिकडं धाडू नका, हितंच आणा."

समारंभात साहेबांनी घड्याळ कानाला लावलं. "याला म्हणतात काम. आपल्या लोकांना सात जन्मांत जमायचं नाही."

टाळ्या पडल्या, सर्वांत जोरात माझ्या. आपलं घड्याळ कुणाच्या हाती जातंय हे बघायला तो मागच्या रांगेत येऊन बसला होता. त्यानंही टाळ्या वाजवल्या.

मी त्याची माफी मागायला हवी. अजून मागितलेली नाही.