नानांच्या पाठीला तीन लाथा

मी पायाळू आहे. जन्मताना आधी पाय आले, बाकीचा मी नंतर. पायाळू माणसाची लाथ बसली की पाठीत भरलेली उसण निघते, असं आमच्या धरणगावकडे मानतात. लहानपणी सकाळी ओट्यावर दोन-तीन मोठी माणसं पाठमोरी उभी असत. मी झोपेतून उठून प्रत्येकाला तीनदा पाय लावायचो. मग तीच माणसं माझ्या पाया पडत. पुढे धुळ्याला कॉलेजात चार पुस्तकं वाचली आणि हा दवाखाना बंद केला.

आई गेल्यावर नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पाठ धरली. तीस वर्षं एसटी चालवली तेव्हा ती कधी दुखली नव्हती. घरात आता आम्ही दोघंच, बोलणं भाजीपुरतं. एकदा म्हणाले, "तीन लाता मारी दे." मी म्हणालो, बापाला लाथ मारणार नाही, शिवाय हे शास्त्रीय नाही.

शास्त्र जळगावला होतं. ऑस्टिओपॅथच्या, म्हणजे नुसत्या हातांनी हाडं-स्नायू मोकळे करणाऱ्या डॉक्टरच्या, भिंतीवर सात प्रमाणपत्रं, टेबलावर प्लास्टिकचा मणका. माणूस मात्र बरा निघाला. नाना उभे कसे राहतात, श्वास कुठवर जातो ते त्याने पाहिलं. मग त्यांच्या पाठीखाली तळवे ठेवून बराच वेळ नुसता बसला. नानांनी डोळे मिटले. एक्स-रेत विशेष काही नाही, ताणाने स्नायू आखडलेत, म्हणाला. कधीपासून दुखतंय?

"चार महिने."

आईला जाऊन चार महिने झाले होते. ते आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. डॉक्टरने व्यायामाचा छापील कागद दिला.

कागद देव्हाऱ्यात गेला. तिसऱ्या सकाळी नाना ओट्यावर भिंतीला हात टेकून पाठमोरे उभे होते. मी चप्पल काढली. सदऱ्याखालचे मणके तळपायाला एकेक लागले. काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

बरं वाटलं का, विचारलं.

"नही." ते तसेच उभे राहिले. "उद्या बी मारजो."

पंधरा दिवसांनी पुन्हा जळगाव. पाठ जरा सैल लागतेय, डॉक्टर म्हणाला, व्यायाम नियमित दिसतो.

"रोज सकाळी," नाना माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "हाऊ करी लेस."

आणि दुखणं?

"तेवढंच शे," म्हणाले, आणि पुढची तारीख मागून घेतली.