टॉवेल टाकलेली खुर्ची

फेटा चुकीच्या डोक्यावर बांधला जात होता आणि मी हातात माईक घेऊन बघत उभा होतो.

डोकं फिलिपाइन्सच्या एका सिनेटरबाईंच्या नवऱ्याचं होतं. बाई स्वतः शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. नवऱ्याला मधली गादीची, पांढरा टॉवेल टाकलेली खुर्ची मिळाली होती. आपल्याकडं साहेब कोण हे विचारावं लागत नाही. टॉवेल कुठल्या खुर्चीवर आहे ते बघायचं.

मी गाईड आहे. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद असं फिरवत उमर गेली. व्हीआयपी टूर असली की आदल्या दिवशी आम्हाला ब्रीफ येतो. म्हणजे पाहुणे कोण, काय खातात, कुठला विषय काढायचा नाही, असा एक कागद. ह्या वेळच्या ब्रीफमध्ये एक जादा ओळ होती. बाईंना लेणी बघून झाल्यावर एखादी ग्रामपंचायत बघायची होती, आणि तिथं सरपंच बाईच पाहिजे होती. कारण त्यांचीही सुरुवात तिथूनच. त्यांच्याकडं ग्रामपंचायतीसारखं बरंगाय असतं. बाई आधी बरंगायच्या प्रमुख, मग नगराध्यक्ष, मग खासदार आणि आता सिनेटर. सिनेट म्हणजे आपली राज्यसभा समजा, फक्त तिथं जायला देशभर फिरून लोकांची मतं मागावी लागतात.

टूर कंपनीच्या मॅडमनी लासूर स्टेशनजवळचं एक गाव ठरवलं. नाव सांगत नाही, मला अजून त्या रस्त्यानं जावं लागतं. गावाची जागा महिला राखीव, म्हणून कमलताई सरपंच. आणि अख्खा तालुका ज्यांना सरपंच म्हणायचा ते त्यांचे यजमान, अण्णा. कमलताईंना गावात 'अण्णांच्या घरच्या' म्हणत. अण्णा आठवड्यातले चार दिवस शहरात, पुंडलिकनगरच्या घरी, पक्षाच्या कामात. त्यांना जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं. परदेशी पाहुणी येणार म्हटल्यावर त्यांनी मांडव घातला आणि पक्षाच्या जिल्हाध्यक्षांनाही बोलावून घेतलं. पाहुणी आमची, पण कार्यक्रम तिकिटाचा होता.

मी फोनवर अण्णांना नीट सांगितलं होतं, सिनेटर आणि त्यांचे मिस्टर येतायत म्हणून. अण्णांनी आपल्या घरावरून जग ओळखलं. फेट्याचा शेवटचा पीळ बसायच्या आत मी त्यांना बाजूला घेतलं आणि निवडून आलेल्या त्या बाई आहेत, असं सांगितलं.

"ते ठाव हाय, शेखभाई," अण्णा म्हणाले. "पण कारभार तर साहेबच बघत असतील ना?"

तोवर फेटा बांधून झाला होता. साहेबांना फेटा आवडला होता. ते फोनवर स्वतःचे फोटो काढत होते. बाईंना कमलताईंच्या हस्ते साडी आणि नारळ देण्यात आला आणि सत्कार संपला.

मग अण्णा मला म्हणाले की बाईंना विचारा, गल्लीतून दिल्लीत कशा गेल्या. जिल्हाध्यक्षांच्या कानावर पडावं हा हेतू. बाईंनी सांगितलं. त्यांच्या कायद्यानं सलग तीनदाच नगराध्यक्ष होता येतं. तिसरी मुदत संपत आली तेव्हा त्यांनी त्या जागी नवऱ्याला उभं केलं आणि आपण संसदेत गेल्या. आज फेटेवाले साहेब नगराध्यक्ष आहेत. बाई रोज सकाळी त्यांना फोन करून दिवसभराची कामं सांगतात.

अण्णांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे आपल्यासारखंच की."

फोन कोण कुणाला करतं, तेवढं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

बाई हसल्या. मग त्यांनी कमलताईंकडं वळून विचारलं, गावात सध्या कुठलं काम चाललंय. कमलताई उठायच्या आत अण्णा उठले. त्यांना सांगा, म्हणाले, गावाचं सगळं मीच बघतो.

आमच्या कामात एक नियम आहे. आपल्या पदरचं घालायचं नाही आणि दुसऱ्याचं गाळायचं नाही. मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. बाईंनी साध्या आवाजात विचारलं, "मग सरपंच काय करतात?" आता हेही जसंच्या तसं मराठीत सांगणं आलं. माईक चालू होता.

कमलताई उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर सारखा केला.

"मी सही करते," त्या म्हणाल्या. "पण वाचून करते."

अण्णा कौतुकानं हसले. कमलताई थांबल्या नाहीत.

"नव्या बोअरचा कागद दोन महिने झाले माझ्यापाशीच हाय. ह्यांना वाटतं ग्रामसेवकानं अडवला. त्यात बोअर आमच्याच शेताच्या बांधाला दाखवलाय. वरच्या वस्तीतल्या बाया पाण्यासाठी लई लांबून येतात. जागा बदलल्याबिगर मी सही करणार नाय."

अण्णांचं हसू होतं तिथंच राहिलं. जिल्हाध्यक्ष पुढं झुकून मला हळूच म्हणाले, "शेखसाहेब, हे घरातलं हाय. ऱ्हाऊ द्या." खरं सांगतो, पुन्हा त्याच रस्त्यानं मला गाड्या न्यायच्या होत्या. पण कमलताई माझ्याकडंच बघत होत्या. दोन महिने पोटात ठेवलेली गोष्ट त्या सगळ्या गावासमोर बोलल्या होत्या, आणि मी ती गाळली असती तर त्यांना तिथल्या तिथं कळलं असतं. मी शब्द न शब्द सांगितला.

बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत की भाषणही केलं नाही. एवढंच म्हणाल्या, "माझ्या पहिल्या वर्षी असंच झालं. गावाची विहीर एका माणसाच्या शेतात निघत होती. मीही सही अडवली होती."

तेव्हा टॉवेलच्या खुर्चीतून फेटेवाल्या साहेबांनी एक बोट वर केलं.

"ते शेत माझं होतं," ते म्हणाले.

मी दोघांचंही मराठीत सांगितलं. आधी मागच्या बाजूला बसलेल्या बाया हसल्या, मग सगळा मांडव. सगळ्यांत शेवटी जिल्हाध्यक्ष हसले, आणि हसता हसता ते कमलताईंकडं नीट बघून घेत होते. राजकारणातला माणूस, त्याला टाळ्या मोजाव्या लागत नाहीत. जाताना गाडीत बसण्याआधी त्यांनी ताईंचं पूर्ण नाव विचारून घेतलं. अण्णांना वाटलं, आभाराच्या पत्रासाठी.

बोअरची जागा बदलली. तो वरच्या वस्तीत शाळेच्या बाजूला घेतला आणि पाणीही लागलं. नंतर तिकीट आलं, घर तेच, नाव कमलताईंचं. त्या निवडून आल्या. अण्णा दोन दिवस पुंडलिकनगरच्या घरातून बाहेर पडले नाहीत, असं म्हणतात. तिसऱ्या दिवशी गुलाल लावून मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं होते.

मागच्या महिन्यात एक ग्रुप घेऊन जाताना चहाला त्यांच्याकडं थांबलो. ओसरीवर ताई लोकांचे अर्ज वाचत बसल्या होत्या. खुर्ची तीच, गादीची, पण टॉवेल दिसला नाही. मी गमतीनं विचारलं.

"ह्यांनी घेतलाय," ताई अर्जावरची नजर न काढता म्हणाल्या. "गाडी पुसायलेत. मला मीटिंगला सोडायचंय."

अण्णा अंगणात खरंच काच पुसत होते. मला बघून जवळ आले. रागावले असतील असं वाटलं होतं, पण नाही. हलक्या आवाजात म्हणाले, "शेखभाई, पुन्हा पाहुणे आणाल तर जोडीनं नका आणू."

तेव्हापासून ब्रीफचा कागद पुढं गावाला पाठवताना त्यावर मी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहितो. टॉवेल कुठल्याही खुर्चीवर टाका, पण टाकण्याआधी सही कुणाची लागते ते विचारून घ्या.