शेंगावालीची बसायची जागा

धुळ्याकडच्या एका नगरपंचायतीच्या क्रीडांगणाचा आराखडा मी काढला होता आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता. चुन्याची फक्की मारून झाली होती. प्रेक्षकांच्या पायऱ्यांसाठी दुसऱ्या दिवशी पाया खणायचा होता.

संध्याकाळी त्या पायऱ्यांच्या जागी बसून मी पोरींची कबड्डी बघत होतो, कपाळावर हाताचा आडोसा धरून. समोरच्या कडेला शेंगा विकणारी एक म्हातारी बसे, रोज सूर्याकडे पाठ करून. टोपलीतल्या शेंगा खालीवर करत तिनं हाक मारली, "तठे बसीसन काय दिखी, भाऊ? संध्याकायले बठ्ठं ऊन डोयामा जास. आठे ये."

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. हात आपोआप खाली आला. पोरींचे चेहरेसुद्धा स्पष्ट दिसू लागले.

नशीब, अजून फक्कीच होती, सिमेंट नव्हतं! मी चपलेनंच ती रेघ पुसून टाकली.

आता पायऱ्या तिच्या बाजूला आहेत. पहिल्या सामन्याला त्या गच्च भरल्या होत्या. म्हातारी सगळ्यात खालच्या पायरीवर टोपली घेऊन बसली होती. मी दिसताच तिनं मूठभर शेंगा पुढे केल्या आणि विचारलं,

"आते दिखस ना, भाऊ?"