नऊजणींचं बीपी

महादेवी माझ्या मागच्या खोलीत अठरा वर्षं राहिली. पुढच्या तीन खोल्यांत क्लासची पोरं असत. त्यांच्या पाठांतराच्या गलक्यात तिचं येणं-जाणं कुणाच्या लक्षातही येत नसे. त्र्याण्णवच्या भूकंपात तिचा नवरा आणि सासू गेली. त्यानंतरच्या तंबूतल्या दवाखान्यात ती रक्त काढायला शिकली आणि पुढे लातूरच्या एका प्रसूतिगृहात लागली.

२००४ साली तिथे एक अभ्यास सुरू झाला. गरोदर बाईच्या रक्तात बाळाच्या डीएनएचे बारीक तुकडे फिरत असतात. बाळाला पोसणारी वार बिघडू लागली की ते वाढतात, आणि पुढे आईचं बीपी जिवावर बेतेल इतकं चढतं. बीपी चढायच्या आधीच ते वाढतात का, एवढं डॉक्टरांना पाहायचं होतं. महादेवी रक्त घेई, दोन तासांच्या आत यंत्रात फिरवी आणि वर आलेलं पिवळं पाणी गोठवून बाहेरगावी पाठवी. पण त्या पद्धतीत बाळ मुलगा असेल तरच त्याचा डीएनए आईच्या डीएनएपासून वेगळा ओळखता येई. म्हणजे तिकडून येणाऱ्या निकालांच्या यादीत ज्या क्रमांकापुढे आकडा, तिथे मुलगा. जिथे कोरं, तिथे मुलगी. हे सांगणं कायद्याने गुन्हा. आणि कुठला क्रमांक कुणाचा, ती वही महादेवीच्या ताब्यात.

ऑगस्टात यादी आली. उदगीरच्या राजेश्वरीचा आकडा इतरांच्या पाचपट होता. तिला सातवा महिना, बीपी व्यवस्थित. डॉक्टरबाई म्हणाल्या, “अजून काही सिद्ध झालेलं नाही. पुढच्या महिन्याच्या तपासणीला बघू.”

संध्याकाळी महादेवी चपला न काढताच माझ्या पायरीवर बसली.

“बाई, ही राजेश्वरी महिनाभर निभायची न्हाई. पण रक्तातनं पोरगा-पोरगी कळतं ही कुणकुण गावात हाय; तिला एकटीला बोलावलं की सासू ओळखणार, पोरगा हाय. उदगीर-चाकूरच्या नऊजणी एकाच एसटीनं येतात. मग न बोलावलेल्यांच्या सासवाबी ओळखणार, आपल्याकडं पोरगी. त्यातल्या पाच कोऱ्या हायत.”

“मग?”

“नऊजणींचं बीपी बघते. घरी जाऊन. दर गुरुवारी.”

“सुट्टी असते ना तुझी गुरुवारी?”

“म्हनूनच.”

सकाळची एसटी, चाकूरला चार घरं, मग उदगीरला पाच. परत येई तेव्हा दिवे लागलेले असत. राजेश्वरीची सासू बसम्मा तिला दारातच गाठायची.

“आली का सिस्टरबाई! दंड आवळायचा, हवा सोडायची अन् निघायचं. पोरगा का पोरगी, डोळ्यानं तरी खुणव की.”

“डोळ्यात मोतीबिंदू हाय माझ्या, बसम्मा.”

तिसऱ्या गुरुवारी राजेश्वरीचं बीपी एकशेसत्तरवर गेलं होतं. तिला सकाळपासून एकाच्या जागी दोन दिसत होतं. कामाचा शीण असेल म्हणून ती गप्प होती. महादेवीने जीप बोलावली.

बसम्मा आडवी आली. “आज अमावस्या हाय. उद्या निघू.”

“उद्या कुणाला घेऊन निघता?” महादेवी म्हणाली.

बसम्मा बाजूला झाली. संध्याकाळी लातूरला ऑपरेशन झालं. दीड किलोचा मुलगा. मायलेकरं दोघंही वाचली.

ही बातमी एसटीतून घरोघर गेली आणि आठही घरांनी एकच हिशेब केला: सिस्टर आपल्याकडेही येते, म्हणजे आपलाही मुलगाच. चाकूरला एका घराने तर तिला आगाऊ साडीचोळी केली. ती म्हणत राहिली, “मी बीपी बघाय आले.” कुणी ऐकेना.

पाच घरांत मुली झाल्या. साडीचोळी करणाऱ्या सासूने तिच्या तोंडावर दार लावलं. “फसवलीस आम्हाला!”

मी विचारलं, “तू त्यांना तसं समजू का दिलंस?”

“मी कुठं समजू दिलं? नुसतं खोडून काढलं न्हाई.” ती भिंतीला टेकून बसली. “पाचीच्या पाची जन्मल्या, बाई.”

मग कण्हत उठली. “त्या चाकूरच्या बाळंतिणीचं बीपी अजून उतरलेलं न्हाई. परवा परत जाते. उघडतील दार.”