काकांनी मुठीत दाबलेला कापूस

सरकीचा वास आला की खामगावच्या जिनिंग कारखान्यातली ती सकाळ आठवते. दादाच्या कंपनीचं अ‍ॅप फोटोवरून कापसाची प्रत सांगायचं, आणि त्यात पैसे गुंतवायचे का, हे ठरवायला परदेशी कंपनीच्या एक बाई आल्या होत्या. इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून दुभाषी मी. अ‍ॅपने एका ढिगाला सर्वात वरची प्रत दिली. कापूस पारखणाऱ्या काकांनी त्यातला मूठभर दाबला आणि हसले, "पोरी, सांग त्याईले, फोटोत ओल दिसते काय? वजनासाठी पाणी मारेल हाय यावर." दादा माझ्याकडे बघत राहिला. "काका म्हणतात, छान आहे," मी इंग्रजीत सांगितलं. बाईंनीही मूठभर कापूस दाबला आणि हात रुमालाला पुसला. ओल मोजायची सोय करण्याच्या अटीवर पैसे मिळाले. पुढच्या भेटीला दुभाषी मात्र त्यांनी स्वतःचा आणला. काकांसमोर जायचं मी अजून टाळते.